पांढरं फुटलं

विहिरीत मोटर पडली की भातकुलीच्या आसपासची माणसं आधी शालिकरामला हाक मारत, मग देवाला. दोन-तीन पुरुष खोल पाण्यात बुडी मारायची, तळाशी पडलेल्या मोटरीला दोर बांधून यायचं, हा त्याचा धंदा. तो सगळा खारपाणपट्टा. तिथल्या पाण्यात डोळे उघडले की आग होते. शालिकरामचे डोळे इतके निर्ढावले होते की त्याची बायको लीलाबाई म्हणायची, "याले पाण्याखालची सुई दिसते, घरातला रिकामा माठ दिसत नाई." नापिकीच्या त्या वर्षांत विहिरींतून त्याला जीव दिलेली माणसंही काढावी लागत. त्याबद्दल तो कधी बोलत नसे.

अमरावतीच्या एका कॉलेजच्या विहिरीतून त्यानं मोटर काढली, तेव्हा प्राणिशास्त्राच्या फलक मॅडम काठावर घड्याळ धरून उभ्या होत्या. तो वर आला तशी त्यांनी विचारलं, "मालवणला येता का, शालिकभाऊ? समुद्रात काम आहे."

काम प्रवाळाचं होतं. शालिकरामला पोवळं ठाऊक होतं ते अंगठीतलं. ते जिवंत असतं, वाढतं, यावर पहिले दोन दिवस त्याचा काडीचा विश्वास बसला नाही. बोटींच्या नांगरांनी मोडलेले तुकडे वेचायचे, समुद्राच्या तळाशी लोखंडी जाळ्यांवर बांधायचे, तिथं पुन्हा कुणी नांगर टाकू नये म्हणून वर तरंगती पिंपं लावायची. दोन हंगामांत त्यानं एकशे चाळीस तुकडे बांधले. जन्मभर पाण्यातून काही ना काही काढत आलेला हा माणूस पहिल्यांदाच पाण्यात काही लावत होता, आणि त्याचं त्याला भारी अप्रूप. गावात तो त्या जाळ्यांना "माह्यं वावर" म्हणायचा. खरं वावर, तीन एकर कोरडवाहू, लीलाबाईच पाहायची.

दोन हजार सोळाच्या मे महिन्यात तो पाण्यात उतरला तर पाणी अंगाला कोमट लागलं. खाली गेला आणि हरखला. तपकिरी, हिरवट तुकडे जवळजवळ सगळे पांढरे झाले होते. कापसाच्या मुलखातल्या माणसाला पांढरं दिसलं की दुसरं काय वाटणार? तो भसकन वर आला.

"म्याडम, फुटलं. सारं पांढरंशुभ्र फुटलं."

फलक मॅडम लगेच उतरल्या. वर आल्या आणि त्यांनी बोटीची कड धरली.

"फुटलं नाही, शालिकभाऊ. पाणी तापलं. त्यांना रंग आणि अन्न देणारे बारके जीव आतून निघून गेले. आता ते उपाशी आहेत. पाणी निवलं नाही तर मरतील."

"मंग काय करायचं?"

"मोजायचं."

"मोजून काय होते?"

त्यांनी पाण्याखाली लिहायची पाटी-पेन्सिल पुढे केली. मरणाची बातमी आपण पेढे वाटावे तशी सांगितली, ही लाज शालिकरामच्या मनातून काही जाईना. सात दिवस तो खाली-वर करत मोजत होता. एकशे चाळिसांत रंग उरला होता एकोणीस तुकड्यांना.

पावसाळ्यानंतर मॅडमचा फोन आला. पांढरे झालेले सगळे मेले होते, त्यांच्यावर शेवाळ चढलं होतं. एकोणिसांतले चार जगले होते. प्रकल्पाची मुदतही संपली होती. आता त्याला तिकडे नेणारं कुणी नव्हतं.

दिवाळीनंतर वावरात कापूस फुटला, आणि त्या साली चांगला फुटला. वेचायला निघालेली लीलाबाई म्हणाली, "पाहा तं, कसं पांढरंशुभ्र फुटलं." शालिकराम वावराच्या कडेला, धुऱ्यावरच थांबला. मग वाकून त्यानं एक बोंड चिमटीत धरलं.

"मेलं तं नाई ना हे?"

"कापूस मरते काय कुठं?" लीलाबाई हसली.

त्यानं बोंड तोडलं नाही. ओळीच्या टोकाला जाऊन तो एकेक झाड मोजू लागला. एकशे चाळीस झाली तसा तो मटकन खाली बसला, आणि विहिरीतून माणसं काढताना कधी न रडलेला शालिकराम तिथं ओक्साबोक्शी रडला. लीलाबाईला काही कळेना. पीक तर चांगलं आलं होतं.