चौथी लवंग

आधी माझी चूक लिहितो. ती लिहिल्याशिवाय पद्मिनआत्याबद्दल एक ओळही लिहायचा मला हक्क नाही. आत्या मोबाइलसमोर चार मिनिटं दहा सेकंद बोलली होती. त्यातली दोन मिनिटं चाळीस सेकंद मी कापून टाकली, आणि जे कापलं तेच नेमकं महत्त्वाचं होतं. पुढं त्याचा जाब आत्याला विचारला गेला, तेव्हा मी शेजारीच उभा होतो... आणि गप्प राहिलो.

आत्या जाऊन आता सहा आठवडे झाले. शेंद्रा एमआयडीसीतल्या माझ्या कंपनीत दुपारचा चहा हातात होता, तेव्हा दवाखान्यातून फोन आला. वय एक्याऐंशी, हृदय थकलेलं, डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती. दोनच दिवसांपूर्वी तिनं मला एक काम सांगितलं होतं. तू घरी ये, मग दोघं मिळून करू, असं मी म्हणालो होतो. ते काम तसंच राहिलं होतं.

पद्मिनआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. करमाडजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात तिनं तीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केली. सासर पैठणकडचं. तिथं सासूनं तिला झाडपाला शिकवला होता. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर तिनं संभाजीनगरात आमच्या घरासमोरच दोन खोल्या घेतल्या, पुढं ओटा आणि ओट्याच्या कडेनं कुंड्या. तुळस, गवती चहा, अडुळसा, ओव्याच्या पानांचं झुडूप. महिन्याभरात गल्लीतले लोक त्या ओट्यावर यायला लागले आणि तिला सिस्टरबाई म्हणायला लागले. तिच्याकडं स्वयंपाकघरातला असतो तसा स्टीलचा गोल मिसळणाचा डबा होता. आतल्या सात वाट्यांपैकी सहांत ओवा, सुंठ, हळद, मिरी, ज्येष्ठमध आणि लवंगा. मधल्या वाटीत तापाच्या गोळ्यांची पट्टी आणि तिची स्वतःची बीपीची गोळी. वर आडवा थर्मामीटर. झाकणावर चौकातल्या डॉक्टरांचा फोन नंबर लाल ऑइलपेंटनं मोठ्या आकड्यांत लिहिलेला. सुंठीशेजारी गोळ्या ठेवण्यात काही विशेष आहे असं तिला कधी वाटलंच नाही.

तिची एक पद्धत होती. कुणी तापानं कणकणत आलं, की ती आधी थर्मामीटर लावायची, जीभ बघायची, कधीपासून, लघवी होती का, जेवण जातं का, सगळं विचारायची. साधा सर्दीताप वाटला तर काढ्याची पुडी बांधून द्यायची आणि तळहातावर तीन लवंगा मोजून ठेवायची. रोज काढ्यानंतर एक लवंग चघळायची. ‘‘तिसरी लवंग दाताखाली गेली आन् अंग गरमच ऱ्हायलं, तर चपला घालायच्या, डॉक्टरकडं जायचं. चौथी लवंग माझ्याकडं मिळत नाय.’’ लोक दिवस विसरतात, हातातल्या लवंगा विसरत नाहीत, हे तिला उपकेंद्रात कळलं होतं. लहान लेकरांना आणि गरोदर बायकांना ती लवंगच द्यायची नाही, सरळ दवाखाना दाखवायची. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला तर ओट्यावर बसूसुद्धा द्यायची नाही. ‘सिस्टरबाईनं एकबी लवंग दिली नाय’ असं कुणी म्हटलं, की आमच्या गल्लीत रिक्षा आणायला धावपळ सुरू व्हायची. आणि चौकातले डॉक्टर पेशंटला पहिला प्रश्न विचारायचे, ‘‘कितवी लवंग?’’

माझ्यावर तिचा विशेष लोभ होता, म्हणजे माझी फजिती करण्यात तिला विशेष आनंद होता. शाळेत असताना गणिताच्या पेपराच्या सकाळी माझं पोट दुखायचं. एकदा ती करमाडहून रजेवर आमच्याकडं आली होती, तेव्हा तिनं ओवा चावायला दिला, पोट दाबून पाहिलं आणि माझ्या आईला सांगितलं, की वहिनी, याचं दुखणं साडेदहाला सुरू होतं आन् दीडला थांबतंय, याला शिकवणी लावा. चाळिशीत मला बीपी निघालं. तेव्हा मी कुठंकुठं वाचून गोळी बंद केली आणि रोज सकाळी दुधीचा रस प्यायला लागलो. तिला हे माझ्या बायकोनं सांगितलं. आत्या संध्याकाळी बीपीचं यंत्र घेऊन घरी आली, दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि पट्टा सोडून घडी घालत बसली. मी रसाचे फायदे सांगत होतो. माझं सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, ‘‘पी की रस. कोण नको म्हणतंय? गोळी खा आन् त्याच्यावर पी. दुधीलाबी बरं वाटंल, एकट्यानं लई लोड घेतलाय त्यानं.’’ दुसऱ्या दिवसापासून मी गोळी सुरू केली. आजही घेतो.

तिचा स्वतःचा गुडघा निकामी झाला, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी तऱ्हेतऱ्हेची तेलं आणून दिली. तिनं सगळी ठेवून घेतली, सगळ्यांना चहा पाजला आणि पुढच्या सोमवारी जाऊन ऑपरेशन करून घेतलं. मला म्हणाली, हाड झिजलंय रं, निर्गुडीचा पाला काय त्याला नवं हाड देतो का. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो, तर ती वॉकर धरून वॉर्डात फिरत होती आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला, पोट साफ होण्यासाठी रात्री मनुका भिजत घालायला सांगत होती. मनुका चालतील का, हे मात्र तिनं आधी तिथल्या नर्सला विचारून घेतलं होतं.

अशा बाईचं बोलणं मी कापलं.

झालं असं, की आमच्या नातेवाइकांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर घरगुती उपायांची लाट आली होती. मलाही वाटलं, आपल्या घरात तर खाण आहे. एका रविवारी आत्याला ओट्यावर बसवलं आणि काढा कसा करायचा ते बोलायला लावलं. ती हौसेनं बोलली. नवं लुगडं नेसून आली होती. पण लांब व्हिडिओ कुणी बघत नाही, म्हणून मी तो दीड मिनिटाचा केला. साहित्य ठेवलं, कृती ठेवली. लवंगांचा भाग मला म्हातारीचा तोडगा वाटला. तीन लवंगा मोजून देणं शिकलेल्या लोकांना हसू येण्यासारखं आहे, असं वाटलं. तो काढला. त्याच्याबरोबर ‘डॉक्टरकडं जायचं’ हेही गेलं. मागं बासरी लावली, वर ‘आत्याचा रामबाण काढा’ असं नाव दिलं. व्हिडिओ इतका फिरला, की वैजापूरहून, नाशिकहून लोकांचे फोन आले. मी खूश होतो. आत्याकडं साधा बटनांचा फोन होता. तिनं एकदाच विचारलं, ‘‘सगळं आलं का रं त्यात?’’ मी म्हणालो, सगळं आलं.

चौकाच्या पुढं शकीलभाईंचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. दर उन्हाळ्यात आत्याचा कूलर तेच बसवून द्यायचे, पण औषधासाठी ओट्यावर कधी आले नव्हते. त्यांच्या बायकोला, रेहानाभाभींना, ताप आला. तो व्हिडिओ त्यांना वैजापूरच्या मेहुण्यानं पाठवला. त्यांनी आत्याला ओळखलं, आपलीच सिस्टर म्हणून त्यांचा विश्वास आणखी बसला. आठ दिवस ते बायकोला काढा देत राहिले. ताप डेंगीचा होता. दवाखान्यात नेलं तेव्हा पेशी फार खाली गेल्या होत्या.

ते ओट्यावर आले, तेव्हा मी तिथंच होतो. ते चढ्या आवाजात बोलले नाहीत. मोबाइल पुढं धरून एवढंच म्हणाले, ‘‘सिस्टर, तुमेच बोले ना इसमें? मैं तुमारी सूरत देखके पिलाया.’’ आत्यानं तो व्हिडिओ तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ‘दोन टायमाला गरम गरम घ्यायचं’ इथं तो संपला, आणि बासरी वाजत राहिली. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी कूलरकडं पाहत राहिलो. मग ती उठली, गुडघ्याला हात लावत दोन पावलं पुढं आली, आणि लेकाच्या वयाच्या त्या माणसापुढं हात जोडून म्हणाली, ‘‘चुकलं माझं, शकील. पुढचं सांगायचं राहून गेलं.’’

त्याच संध्याकाळी ती माझ्या स्कूटरवर मागं बसून दवाखान्यात गेली. रेहानाभाभी बऱ्या होऊन घरी जाईपर्यंत रोज मऊ खिचडीचा डबा घेऊन जात राहिली. भाभी वाचल्या, पण त्यांना शिलाई मशीनवर पुन्हा बसायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत आत्यानं मिसळणाचा डबा फळीवर ठेवून दिला. कुणी आलं, की डॉक्टरकडं जा म्हणायची. हळूहळू लोक यायचे थांबले. कुंड्यांना पाणी घालून ती ओट्यावर एकटी बसायची, आणि समोरच्या खिडकीतून ते बघायचा मला धीर व्हायचा नाही. जाऊन बोलायचं धाडसही मी केलं नाही.

डबा पुन्हा खाली उतरवला तो रेहानाभाभींनीच. एका सकाळी त्या शिंकत आल्या, ओट्यावर फतकल मारून बसल्या आणि हात पुढं करून म्हणाल्या, ‘‘सिस्टर, मेरेकू भी तीन लवंगां देव. गल्लीमें सबकू मिलते, मेरेकूच नक्को?’’ आत्या एवढी हसली, की डोळे पुसावे लागले. लवंगा मोजून दिल्या, चौथी मिळत नाही हे दोनदा बजावलं. भाभी जाता जाता थट्टेनं म्हणाल्या, ‘‘उस दिन ये बोलनाच भूल गए थे ना तुम.’’ आणि आत्या माझ्यादेखत म्हणाली, ‘‘व्हय गं बाई. भुलले.’’ दुसऱ्या दिवसापासून ओटा पुन्हा भरायला लागला. आनंदाचाच दिवस होता तो.

शेवटची भेट दवाखान्यातली. नाकाला नळी, हाताला सुई, आणि तरी उशाशी ज्येष्ठमधाचा तुकडा. डॉक्टरांना विचारलं होतं म्हणे. मी खुर्ची जवळ ओढली आणि दोन वर्षं अडलेलं एकदाचं बोलून टाकलं. व्हिडिओ मी कापला, आत्या. तू विसरली नव्हतीस.

‘‘मला ठावं हाय की,’’ ती म्हणाली. ‘‘माझं डोकं शाबूत हाय अजून.’’

‘‘मग तेव्हा बोलली का नाहीस?’’

‘‘तुझ्या तोंडून यायची वाट बघत व्हते. लई दिवस लावलेस, सुध्या. एवढ्यात टायफॉइड धा वेळा बरा झाला आसता.’’ मला रडू येत होतं आणि हसूही. तिनं सुई नसलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला. ‘‘माझ्याकडं कशाला माफी मागतो? जिनं भोगलं तिच्याकडं जा.’’

तू बरी होऊन घरी ये, मग दोघं जाऊ, असं मी म्हणालो...

तिच्या खोल्या आवरताना डबा मी माझ्याकडं आणला. मागच्या आठवड्यात उघडला. थर्मामीटर जागेवर, गोळ्या जागेवर, आणि लवंगांच्या वाटीत वर्तमानपत्राच्या कागदाची एक बांधून ठेवलेली पुडी. अलीकडं अशा तीन-तीन लवंगांच्या पुड्या ती तयारच ठेवायची, येणाऱ्याचा खोळंबा नको म्हणून. मी ती खिशात टाकली आणि शकीलभाईंच्या दुकानात गेलो. दुपारच्या जेवणाचा डबा घेऊन रेहानाभाभीही आल्या होत्या. मूळ व्हिडिओ मी इतके दिवस मोबाइलमध्ये जपून ठेवला होता, पुसायची हिंमत झाली नव्हती. तो लावला. कूलरच्या पत्र्यांमध्ये आत्याचा आवाज घुमला. काढा झाला, दोन टायमाला गरम गरम झालं, आणि मग तिनं समोर हात धरून एकेक लवंग मोजली. ‘‘चौथी लवंग माझ्याकडं मिळत नाय,’’ हे आलं तेव्हा भाभी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. शकीलभाईंनी व्हिडिओ मागं नेऊन ते वाक्य पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडं पाहिलं.

मी पुडी सोडून तीन लवंगा भाभींपुढं टेबलावर ठेवल्या. ‘‘सिस्टर भुलल्या नव्हत्या, भाभी. त्यांनी सगळं सांगितलं होतं. मी कापलं, आणि त्या माझ्यासाठी हात जोडत होत्या तेव्हा मी उभा राहून बघत होतो. तुम्ही जे भोगलंत ते माझ्यामुळं. मला माफ करा.’’