मानोऱ्याहून आलेला स्पर्धक

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं, कारण तिच्यातली चूक माझी आहे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वाशीमला आम्ही हौशी मंडळींनी कॅल्क्युलेटरवर प्रोग्राम लिहिण्याची स्पर्धा भरवली. यंत्र एकच होतं. स्पर्धकांनी प्रोग्राम कागदावर लिहायचा आणि परीक्षक म्हणून मी बटणं दाबायची. सगळ्यांत छोट्या प्रोग्रामने बरोबर उत्तर काढणाऱ्याला यंत्र महिनाभर घरी न्यायला मिळणार होतं.

मानोऱ्याहून आलेल्या एकाने असल्या यंत्राला कधी हातही लावला नव्हता. तळहातावर बोट आपटत तो एकेक पायरी तपासत होता. त्याचा प्रोग्राम सगळ्यांत छोटा होता, पण उत्तर चुकलं.

"एकडाव अजून दाबून पाहा ना, सर. आधीच्याचा आकडा आत राह्यला असंन."

"परीक्षक कोन हाये, तुमी का मी?" मी म्हणालो. लोक हसले. मी त्याला बाद केलं.

चहाच्या सुट्टीत मी मेमरी पुसून त्याचा प्रोग्राम गुपचूप पुन्हा दाबला. उत्तर बरोबर आलं. पण सगळ्यांसमोर बाद केलेल्या माणसाला परत बोलवायची मला लाज वाटली, आणि यंत्र दुसऱ्याच्या घरी गेलं.

पुढे एकदा शेलूबाजारला जीपची वाट पाहताना तो भेटला.

"काय सर, मशीन बरी हाये ना?" त्याने हसून विचारलं.

माफी अगदी ओठांवर आली होती.

"हो, बरी हाये," म्हणालो आणि जीपमध्ये चढलो.