दोनची गाडी

ठाण्याहून कल्याण सहा कोस. आगगाडीने पाऊण तास, होडीने एक भरती, पायी गेलं तर अर्धा दिवस. कचेरीत कोणी विचारलं की मी हे तोंडपाठ सांगत असे, आणि वेळेचा घोळ करून गाडी हुकवणाऱ्यांची यथेच्छ टिंगल करत असे. रेल्वे मद्रासच्या वेळेने चालायची. आमच्या गावच्या वेळेपेक्षा स्टेशनातलं घड्याळ अर्धा तास पुढे. एवढंसं गणित, पण लोकांच्या डोक्यात शिरत नसे.

बायको पहिल्या बाळंतपणाला कल्याणला माहेरी गेली होती. एके दिवशी सकाळच्या गाडीने सासऱ्यांचा गडी चिठ्ठी घेऊन आला. 'मुलगी कालपासून अडली आहे. सुईणीने हात टेकले. डॉक्टरांना आत घ्यावं की नाही, ते तुम्हीच येऊन सांगा. दोनच्या गाडीने निघा.'

परक्या पुरुषाने बाळंतिणीला हात लावायचा, असं आमच्या आळीत कोणी ऐकलंही नव्हतं. लोक काय म्हणतील? आणि तिला काही झालं तर? घड्याळ अर्धा तास पुढे, म्हणजे दोनची गाडी आपल्या अडीचला, असं धरून मी शंकराच्या देवळात जाऊन बसलो. हात देवाला जोडले होते, डोळ्यांसमोर मात्र लोकच येत होते. उठलो तेव्हा मनाशी ठरलं होतं, डॉक्टर नको.

स्टेशनात शिरलो तर फलाट रिकामा. घड्याळात पावणेतीन, म्हणजे आपले सव्वादोन. गणित उलटं केलं होतं मी! गाडी आपल्या दीडलाच गेली होती. जगाला अक्कल शिकवणाऱ्याने ऐन वेळी माती खाल्ली. पुढची गाडी थेट रात्री होती.

धावत बंदरावर गेलो. होडीवाला कोळी चिलीम ओढत बसला होता.

"आता सुकती हाय. भरती लागल्याबिगर होरी हालाची नाय, दादा."

मी त्याला अद्वातद्वा बोललो, मग त्याचे पाय धरले. खाडीत नुसता चिखल दिसत होता, तो बिचारा काय करणार.

होडी निघाली तेव्हा उन्हं कलली होती. काठावर कुठे धूर दिसला की तो चितेचाच वाटायचा. ती गेली असेल, असंच वाटेभर वाटत राहिलं.

कल्याणला सासरे दारातच उभे होते. आतून तान्ह्याचं रडणं ऐकू आलं, तरी माझा जीव भांड्यात पडेना. पोर रडतंय म्हणजे आई जिवंत आहे, असं थोडंच असतं?

"दोघंही सुखरूप आहेत," ते म्हणाले. "डॉक्टर आत्ताच गेले."

मी खोलीच्या उंबऱ्याशी थांबलो. ती बाजेवरून कसंबसं म्हणाली, "गाडी आली, तुम्ही आला नाहीत. मग मीच बाबांना खोटं सांगितलं, लागले तर डॉक्टर बोलवा असं तुम्ही मला आधीच सांगून ठेवलंय म्हणून. रागावलात?"

"नाही," मी म्हणालो.

त्याला आता पंचवीस वर्षं झाली. गाडी चुकली म्हणून ती अजूनही मला चिडवते, आणि मी हसतो. ती गाडी मिळाली असती तर मी काय सांगणार होतो, ते तिला सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.