अक्कांचा अर्धा पेला

अक्का पेला कधीच काठोकाठ भरत नसत. पितळी तांब्या घेऊन त्या बाकड्यांमधून फिरत, प्रत्येकाच्या पेल्यात निम्म्यापर्यंत पाणी ओतत आणि पुढे सरकत. नव्याने आलेला कुणी "अहो, पूर्ण भरा की" म्हणाला, तर जागीच थांबत. "हे पी आदी. तांब्या हाय ना माझ्या हातात, पळून चाललाय का?"

परळीत स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची खानावळ होती. वर पत्रे, आत लांब बाकडी, मागे चूल. मूळचं ते त्यांच्या नवऱ्याचं किराणा दुकान. तो वारल्यावर अक्कांनी दुकानात उरलेली डाळ-ज्वारी शिजवायला घेतली आणि दुकानाची खानावळ झाली. "विकून खपंना, मग शिजवून खपवलं," असं त्या सांगत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि आवाज असा की रस्त्याने जाणारा सायकलवाला उगाच ब्रेक मारायचा.

मी टेलिफोन खात्यात नोकरीला लागून साताऱ्याहून परळीला आलो होतो. नव्वदनंतरची ती वर्षं. ज्याला त्याला घरी फोन हवा होता, चौकाचौकात एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागत होत्या. आम्हा परगावच्या एकट्या नोकरदारांची पोटं अक्कांच्या हवाली होती. आमची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, खातं मात्र पक्कं राही. मी टेलिफोन. कुणी बँक, कुणी वीजकेंद्रातला म्हणून थर्मल.

"ए थर्मल, सरक तिकडं, बँकला बसू दे. टेलिफोन, पेल्यात पाणी कुणासाठी ठेवलंस? कोण यायलंय?"

उरलेला घोट मी निमूट पिऊन टाकी.

भाकरीही अर्धी मोडूनच ताटात येई. तुम्हीही कधीतरी खानावळीत दिवस काढले असतील, तर म्हणाल, यात काय नवल, मालक लोक हात राखूनच वाढतात. आधी मलाही तसंच वाटलं होतं. पण चौथ्यांदा भाकरी मागितली तरी अक्कांच्या कपाळाला आठी पडत नसे. उलट "खा लेकरा, लई वाळलास" म्हणत वर तेलाची धार सोडत. त्यांचं डोकं फिरायचं ते ताटात उरलेलं पाहून. एकदा बँकने भात टाकला, तर त्या ताट घेऊन त्याच्यामागे रस्त्यापर्यंत गेल्या होत्या.

मग एका वर्षी पाऊस नीट पडलाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येऊ लागलं. खानावळीमागची बोअर पाण्याऐवजी नुसती हवा सोडू लागली. स्वयंपाकापुरतं पाणी टँकरमधून मिळे, पण एवढी ताटं कशात धुवायची? पळसाच्या पत्रावळी लग्नसराईने संपवल्या होत्या. त्याच सुमारास गावात थर्माकोलच्या ताटल्या नव्याने आल्या होत्या. सगळ्या हॉटेलांनी त्या घेतल्या, अक्कांनीही घेतल्या.

सुरुवातीला त्या खूश होत्या. "कसली हलकी हाय बघ! ह्याच्यात जेवलं तर वजन वाढायचं न्हाई." खायचं आणि मागच्या मोकळ्या जागेत फेकायचं. घासणं नाही, धुणं नाही. ढीग मात्र वाढत चालला. गाई येऊन ताटल्या चाटत, आणि अक्का भाकरी थापता थापता उठून त्यांना हाकलत.

अशातच एका दुपारी वावटळ आली.

आम्ही जेवत होतो. मागून भर्रकन आवाज झाला आणि पाहतो तो सगळा ढीग आभाळात. पांढऱ्या ताटल्या गरगरत पत्र्यांवरून, तारांवरून निघाल्या होत्या. काही लिंबाच्या झाडात अडकल्या, काही थेट स्टेशनाकडे गेल्या. शेजारी टेलर मास्तरांचं दुकान होतं. त्यांनी एका पुढाऱ्याचा पांढराशुभ्र सदरा इस्त्री करून दारात टांगला होता. दोन ताटल्या नेमक्या त्याच्या पाठीवर जाऊन बसल्या.

मास्तर सदरा घेऊन तरातरा आले. "अक्का, हे काय?"

अक्कांनी सदरा हातात घेतला, उलटा केला, वास घेतला. "आमटी आमचीच हाय."

आम्ही खो खो हसलो. मास्तर हसले नाहीत. "संध्याकाळी सभा हाय त्यांची. आता मी त्यांच्या अंगावर काय घालू? उद्यापासून माझ्या दुकानात कोण येईल?"

अक्कांचं हसू थांबलं. त्या आत गेल्या. संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी राखलेलं पाणी घमेल्यात ओतलं आणि लिंबू चोळचोळून स्वतः सदरा धुवायला बसल्या. साबण लावायला निघालेल्या थर्मलच्या हातावर त्यांनी चापट मारली. "हळदीला साबण लावतो का बे? लाल करतोस का त्याला?" उन्हाने सदरा तासाभरात वाळला. डाग गेला, म्हणजे जवळजवळ गेला. पाठीवर एक फिकट चंद्र तेवढा राहिला. मास्तर अजून घाबरलेलेच होते. अक्का म्हणाल्या, "ते समोर बघून बोलणार हायत का पाठ करून?"

सभा पार पडली. चंद्राबद्दल कुणी काही बोललं नाही.

आमचं संध्याकाळचं जेवण मात्र बुडालं. अक्का दारातच उभ्या होत्या. "आज चूल न्हाई. पाणी सदऱ्याला गेलं." त्यांनी मूठ मूठ शेंगा आणि गूळ हातावर ठेवला, आणि एक पोतं पुढे केलं. अंधार पडेपर्यंत आम्ही सगळे, मास्तरसुद्धा, पत्र्यांवरून आणि नालीतून ताटल्या गोळा करत हिंडलो. पोतं तोंडापर्यंत भरल्यावर अक्का जाहीर करून मोकळ्या झाल्या, "उद्यापासून ज्यानं त्यानं आपलं ताट आणायचं. जेवायचं, खोलीवर न्यायचं, धुवायचं."

"पण अक्का, म्हणजे पाणी आमचंच जाणार!" बँक म्हणाला.

"तेच सांगायलेय. आपलं पाणी जाणार म्हटलं की माणूस ताट कसं पुसून खातो, बघ."

आणि खरंच, भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने आम्ही ताटं अशी लख्ख करू लागलो की ती धुवायला पेलाभर पाणी पुरे होई. सायकलच्या कॅरिअरला ताट अडकवून भर दुपारी साहेब लोक चालले आहेत, हे दृश्य पाहायला लोक दुकानांच्या दारात येत.

पण सगळ्यांना हे पचलं नाही. अंबाजोगाईच्या रस्त्यावर नुकतंच एक गार्डन हॉटेल निघालं होतं. हिरवळ, कारंजं, आणि दारात पाटी: लागेल तेवढं खा. आमच्यातले बरेच जण तिकडे गेले. बाकडी रिकामी दिसू लागली. एका दुपारी मी एकटाच जेवत होतो. अक्का समोर येऊन बसल्या. त्या अशा कधी बसत नसत.

"कावून येईनात रे लोक? ताट जड होतंय का माझं बोलणं?"

"ताट," मी म्हणालो.

"खोटं बोलायलास." त्या हसल्या. फळीवर उरलेली एक थर्माकोलची ताटली त्यांनी काढली आणि बराच वेळ हातात फिरवत राहिल्या. "आणू का परत? खानावळ बंद पडली तर मी करू काय?"

मग त्यांनी स्वतःच ती ताटली मोडून तिचे तुकडे केले. "न्हाई. पुन्हा वावटळ येणारच की," म्हणत त्या भाकरी टाकायला उठल्या.

ऐन मे महिन्यात टँकरच मिळेनासे झाले. अक्कांची चूल नळाच्या आठवड्याच्या पाण्यावर कशीबशी तगली. गार्डन हॉटेलचं कारंजं आधी थांबलं, मग हिरवळ पिवळी पडली, मग दाराला कुलूप लागलं. तिकडे गेलेली मंडळी एकेक करून काखेत ताट मारून परतली. अक्कांनी प्रत्येकाला एवढंच विचारलं, "ताट घासून आणलंस ना?"

आणि एका दुपारी दारात त्या हॉटेलचे मालकच उभे राहिले. अंगात सफारी, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ताट. आमचे घास हातातच राहिले.

"या, बसा," अक्का म्हणाल्या. "बँक, सरक."

मालक बसले. पेल्यात निम्मं पाणी पडलं. ते त्यांनी एका दमात पिऊन टाकलं. जेवता जेवता म्हणाले, "अक्का, लोक माझ्याकडं निम्मं पाणी पिऊन निम्मं ठेवून जायचे. अन्नाचं तर विचारूच नका, टोपल्या भरायच्या. रोज फेकायला माणूस लावलाता मी."

"मग ठिवताव कावून समोर? मागू द्या की."

"गिऱ्हाईक काय म्हणल?"

"माझं गिऱ्हाईक मला काय काय म्हणतंय, विचारा ह्यांना!"

सगळे हसले, मालकही हसले. भाकरी त्यांनी तीनदा मागून घेतली. पुढे पाणी आल्यावर त्यांचं हॉटेल पुन्हा सुरू झालं. दारातली पाटी काढलेली होती, आणि वाढपी तांब्या घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होते. मी हे सांगितलं तेव्हा अक्का लाजल्यासारख्या झाल्या. "जा, काहीतरी सांगतोस," म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना शिरा केला.

पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले. खाली बसलं की उठता येईना. उदगीरची लेक न्यायला आली आणि खानावळ बंद झाली. स्टेशनावर आम्ही सगळे गेलो होतो. मास्तरांनी लुगड्याचं बोचकं उचललं होतं. अक्का खिडकीशी बसल्या, एक मोठा डबा आमच्या हाती दिला आणि कुणाकडेच न पाहता पदराने चष्मा पुसत राहिल्या. गाडी हलली. आम्ही हात केले. त्यांनी हात केला नाही. गाडी वेग घेऊ लागली तशी खिडकीतून मान बाहेर आली आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असा आवाज आला,

"ओल्या खोबऱ्याची चटणी आदी संपवा रे! ती टिकायची न्हाई!"

आम्ही फलाटावरच बाकड्यावर बसलो आणि डबा उघडला.