माझा जबाब आणि वॉर्डाची हद्द

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात तर मला पुढचं सांगवणार नाही. चुका सगळ्यांच्याच हातून होतात हो! पण शुद्धीवर असताना, भर सकाळी, पूर्ण नाव आणि हुद्दा लिहून, सहीनिशी गाढवपणा करणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. बघून घ्या. तुमच्या समोरच बसलाय. चहा निवतोय, तो घ्या आधी.

आमचं घर पाणीगेटाच्या अलीकडे, एका पोळीच्या तोंडाशी. तुम्ही पुण्याकडचे, तुम्हाला पोळ काय ठाऊक? पोळ म्हणजे एक बोळ. त्याला रस्त्याकडे एकच मोठा दरवाजा, आत दोन्ही बाजूंना चिकटून घरं. सगळ्यांचं सगळ्यांना माहीत. कोणाकडे आज कढी फुटली तेसुद्धा! मध्ये चौकात एक लिंब, आणि लिंबामागे आणखी दहा-बारा घरं. ती जरा पडकी, अर्ध्यांवर नुसती कौलं. तिथे जीवीबा राहायची.

जीवीबा म्हणजे साठी उलटलेली विधवा. आमच्या घरात थोरल्याच्या वेळी बाळंतपण अडलं, तेव्हा ही बाई तीन दिवस आमच्या उंबऱ्यातून हलली नव्हती. लिंबामागच्या विहिरीचं पाणी खारट आणि गढूळ. मागच्या पावसाळ्यात तापाची साथ आली, त्यात तिची तरणीताठी सून गेली. तेव्हापासून म्हातारी रस्त्यावरच्या नळावरून दिवसाला सहा हेलपाटे घालायची. आजव्याच्या तलावाचं पाणी शहरात येऊन किती वर्षं झाली, पण आमच्या लिंबामागे काही ते पोहोचलं नव्हतं. आमचे छगनभाई सुधराईत, म्हणजे तुमच्या म्युनिसिपालिटीत, आमच्या वॉर्डाकडून निवडून गेले होते. त्यांनी भांडून भांडून तिथला नळ मंजूर करून आणला. नळ एवढा लक्षात ठेवा. बाकी माझं काय व्हायचं ते होवो.

तर झालं असं. महाराज विलायतेहून परत यायचे होते. बडोद्यात तेव्हा दुसरा विषय नाही. सवारी कुठून जाणार, कमानी कुठे, रोषणाई कुठल्या रस्त्याला! आणि नेमका त्याच दिवसांत एक तरुण मोजणीदार साखळी आणि कागद घेऊन आमच्या पोळीत शिरला. घरं मोजतोय, दरवाजे बघतोय, वहीत लिहितोय. मी काय ओळखायचं ते लगेच ओळखलं. रोषणाईची यादी! सवारीच्या रस्त्यावरची घरं टिपून घेताहेत.

विचारलं का? छे! तीन पिढ्यांची दरबारची चाकरी आमची. आम्ही विचारायचं?

मी घाईघाईने पगडी चढवली आणि ओट्यावर आलो. मोजणीदाराने विचारलं,

"साहेब, आपल्या घराचा दरवाजा कुठला धरू? पोळीतला की रस्त्यावरचा?"

आता खरं सांगतो. रस्त्याकडे आमचं एक दार होतं खरं. वर्षातून दोनदा उघडायचं, तेही खांदा लावून.

"रस्त्यावरचा!" मी म्हणालो. "आमचं घर रस्त्यावरचंच. पोळीशी आमचा तसा संबंध नाही."

"पण वहाणा तर सगळ्या पोळीतल्या ओट्यावर दिसताहेत."

"पाहुण्यांच्या आहेत."

"बरं. आणि ही पोळ कुठपर्यंत धरायची?"

इथे माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. मला वाटलं, सरकारी यादीत आमच्या नावाशेजारी ती पडकी घरं कशाला? रोषणाई बघायला मोठी माणसं येतील, काय म्हणतील! मी छाती काढून सांगितलं, "पोळ चौकातल्या लिंबापाशी संपते. मागची वस्ती निराळी. त्यांचं आमचं काही नाही."

त्याने ते सगळं लिहून काढलं आणि जबाब पुढे केला. दप्तरात येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी बजावतो, वाचल्याशिवाय सही करू नका. वीस वर्षं बजावतोय! आणि मी स्वतः? नाव, वडिलांचं नाव, हुद्दा, सगळं वळणदार लिहिलं. वरचं एक अक्षर वाचलं नाही.

घरात येऊन सांगितलं, तर मंडळी भाजी चिरत म्हणाल्या, "त्याने महाराजांचं नाव काढलं का?"

"काढायला कशाला हवं?"

"मग सवारीचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

बायकांना दरबारी गोष्टी कळत नाहीत, असं मी मनात म्हणालो. मनात म्हणालो हे एक बरं केलं. पुढे महाराज आले, सवारी भलत्याच रस्त्याने गेली, आणि मी ते सगळं विसरून गेलो.

दोन-तीन महिन्यांनी पोळीच्या दरवाज्यावर सुधराईचा कागद चिकटला. वॉर्डांच्या हद्दी नव्याने आखल्या होत्या. आमची पोळ एका वॉर्डात, आणि लिंबामागची घरं तोडून पलीकडच्या वॉर्डात! ज्यांच्या हरकती असतील त्यांनी पंधरा दिवसांत कळवावं.

संध्याकाळी सगळी पोळ आमच्या ओट्यावर. तुम्हाला वाटेल, रेघ कागदावरची, तिने काय होतंय? छगनभाईंनीच समजावून सांगितलं. नळ मंजूर होता तो आमच्या वॉर्डाच्या कामांत. घरं त्या वॉर्डात गेली की नळ यादीतून उडाला. पलीकडच्या वॉर्डाची यादी आधीच वीतभर लांब, त्यांचा सभासद लिंबामागे कधी पाऊलसुद्धा टाकायचा नाही. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून अर्ज, पुन्हा वाट बघणं. आणि पावसाळा चार महिन्यांवर.

जीवीबा ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. ती एवढंच म्हणाली, "मारो वारो आवे त्यां सुधी हुं क्यां रहेवानी?" माझी पाळी येईपर्यंत मी कुठली उरतेय!

मग सगळे माझ्याकडे वळले. "भाऊसाहेब, अर्ज तुम्हीच लखा. सरकारी माणसाचा हात हवा."

माझ्या अंगात वारं शिरलं हो! रागही खरा होता. म्हातारीचे ते सहा हेलपाटे माझ्या डोळ्यांसमोरचे. आत जाऊन दौत-टाक काढला, तर मंडळी हळूच म्हणाल्या, "लिंबापाशी पोळ संपते... हे तुम्हीच नाही का कोणाला सांगितलं होतंत?"

"ते रोषणाईचं. खातं वेगळं!"

आणि मी अर्ज लिहिला. असा अर्ज बडोद्यात कोणी लिहिला नसेल. लिंबामागच्या घरांची हकिगत, ताप, विहीर, नळ, सगळं आलं. पण तेवढ्यावर थांबेन तर तो मी कसला? शेवटी आणखी एक कलम घातलं: 'लिंबामागील घरे पोळीची नव्हेत अशी खोटी माहिती ज्या कोणा इसमाने सरकारास दिली, त्याची चौकशी व्हावी, व त्याचे नाव पोळीतील समस्त रहिवाशांसमोर वाचून दाखवावे.'

छगनभाई वाचून म्हणाले, "भाऊसाहेब, नावाचं काय काम छे? आपल्याला नळ हवा."

"असं कसं? अशा माणसाला उजेडात आणलंच पाहिजे!"

त्यांनी मान डोलावली. सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे उठवले. जीवीबाचा अंगठा मी स्वतः शाईत धरला.

सुधराईचे अधिकारी चौकशीला आले ते एका रविवारी सकाळी. शांत, म्हातारेसे गृहस्थ. लिंबाखाली खुर्ची टाकली. सगळी पोळ जमली, पुढची, मागची, पोराबाळांसकट. मी सगळ्यांत पुढे, पगडी घालून. त्यांनी लिंबामागे जाऊन विहीर बघितली, ओंजळभर पाणी हातात घेऊन टाकून दिलं. परत येऊन बसले आणि म्हणाले, "अर्जात एक मागणी आहे, नाव वाचून दाखवण्याची. ती कायम आहे का?"

"कायम आहे!" कोण म्हणालं? मीच म्हणालो. आणि वर, "मोठ्याने वाचा, मागे ऐकू जात नाही!"

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, चष्मा पुसला, आणि वाचलं. माझं नाव. माझ्या वडिलांचं नाव. माझा हुद्दा. 'आमचे घर रस्त्यावरील असून पोळीशी संबंध नाही. पोळ लिंबापाशी संपते. मागील वस्ती निराळी. त्यांचे आमचे काही नाही.' वहाणा पाहुण्यांच्या, हेसुद्धा त्या मेल्या मोजणीदाराने लिहून ठेवलं होतं!

कोणी हसलं नाही. हसले असते तर मी वाचलो असतो.

जीवीबाला मराठी तेवढं कळत नाही, आणि कागदावरचं तर मुळीच नाही. तिने छगनभाईंना विचारलं, "शुं वांच्युं?" काय वाचलं?

छगनभाई जमिनीकडे बघत म्हणाले, "कंई नहीं, बा."

त्या माणसाने मला झाकलं हो. मी त्याचा नळ घालवला होता आणि तो मला झाकत होता. मला ते सहन होईना. मी पगडी काढली, जीवीबासमोर जाऊन बसलो आणि मोडक्यातोडक्या गुजरातीत सांगितलं. बा, तुमची घरं आमची नाहीत असं मीच लिहून दिलं होतं.

तिने विचारलं, "केम?" का म्हणून?

आता काय सांगायचं? रोषणाई? पाहुणे काय म्हणतील? तीन दिवस माझ्या उंबऱ्यात बसलेल्या बाईला? मी खाली मान घालून रडलो, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. बाकी सगळ्याची वाटते.

अधिकारी भले माणूस. त्यांनी तिथेच लिहिलं, की समस्त रहिवाशांची हरकत योग्य आहे, लिंबामागची घरं पोळीतच धरावीत. नळ राहिला! लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकला. तेवढ्यात ते म्हणाले, "राहता राहिलं आपलं घर."

"माझं?"

"अर्ज लिंबामागच्या घरांपुरता आहे. आपल्या घराबद्दल त्यात काही नाही. म्हणजे आपला जबाब तसाच राहतो. घर रस्त्यावरचं, पोळीशी संबंध नाही. ते पलीकडच्या वॉर्डात जाईल."

महिन्याभराने नकाशा आला. हद्दीची रेघ रस्त्याने सरळ येत होती, पोळीच्या तोंडाशी आमच्या एका घराला वळसा घालत होती, आणि पुन्हा सरळ जात होती. मतं द्यायला पोळ एकीकडे जाणार, मी एकटा दुसरीकडे. पोळीतून सगळ्यांना नळाच्या जोडण्या मिळणार, आम्हाला नाही. मंडळी महिनाभर माझ्याशी फक्त "जेवायला वाढलंय" एवढंच बोलत होत्या.

मी लगेच दुसरा अर्ज केला. माझं घर पोळीच्या वॉर्डात घ्यावं. उत्तर आलं: 'अर्जदार सदर वॉर्डाचे रहिवासी नसल्याने त्यांची हरकत विचारात घेता येत नाही.' आता बोला! बिनचूक उत्तर. मी त्या टेबलावर असतो तर हेच लिहिलं असतं.

शेवटी मंडळींनीच मौन सोडलं. "हरकत त्या वॉर्डातल्या माणसाची हवी ना? मग जीवीबाकडे जा."

"कोणत्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने. दुसरं कुठे आहे तुमच्याकडे?"

गेलो. लिंबामागे नळाचं खोदकाम चाललं होतं. जीवीबा उंबऱ्यात बसून ते बघत होती. मी कागद पुढे ठेवला, सांगितलं. ती म्हणाली, "लख. हुं बोलुं तेम लख." मी सांगते तसंच लिही.

मी टाक सरसावला.

"आ माणस अक्कल वगरनो छे..."

अक्कल नसलेला! मी थांबलो. "बा, आपण 'किंचित अविचारी' लिहू या का?"

"हुं बोलुं तेम!"

लिहिलं. काय करता?

"...पण अमारो छे. एने अमारी साथे राखो."

पण आमचा आहे, आमच्यातच ठेवा. तिने अंगठा उठवला. छगनभाईंनी सही केली, आणि एकामागून एक सगळ्या पोळीने. एकानेही 'अक्कल वगरनो' या शब्दांना हरकत घेतली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि अक्षर नेहमीसारखंच वळणदार येत होतं.

पावसाळ्याच्या आधी नळ आला. त्याच आठवड्यात माझ्याबद्दलच्या त्या अर्जाचा निकालही आला. तो मी आजवर कोणाला दाखवला नाही, तुम्हाला म्हणून तोंडपाठ म्हणून दाखवतो. सहीशिक्क्यानिशी लिहिलंय: 'सदर इसमाविषयी रहिवाशांनी अर्जात केलेले विधान चौकशीअंती अक्षरशः खरे असल्याचे आढळून आले. सबब, अर्ज मंजूर.'