जुन्या नावाने मागणारे

मेधाताईंच्या पडद्यावर ओळी सरकत होत्या. प्रत्येक ओळ म्हणजे कुठल्यातरी इस्पितळातला एक संगणक, रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या त्यांच्या मोफत, खुल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आपोआप मागणारा. कॉलेजात असताना मित्रांनी गमतीत त्या सॉफ्टवेअरचं नाव ‘ढेकूण’ ठेवलं होतं. आता ते बदलायचं घाटत होतं.

“इस्पितळात ढेकूण मागवायचा म्हणजे लाजच,” त्यांचा सहकारी नितीन म्हणाला.

“मागवतायत की. सॉफ्टवेअरच्या सार्वजनिक भांडारात आपण हे नाव सोडलं तर ते कुणीही घेईल. मग ही यंत्रं जुन्याच नावाने त्याच्याकडे मागतील आणि तो देईल ते बसवून घेतील.”

“सगळ्यांना आधी कळवू ना, ताई.”

“पत्ते आहेत तुझ्याकडे?”

फुकट वाटलेल्या वस्तूची यादी कुणी ठेवत नाही.

माणसाला हाक मारली आणि भलताच कुणी वळला, तर आपण चेहरा पाहून थांबतो. यंत्राला चेहरा दिसत नाही. त्याचा विश्वास फक्त नावावर असतो, आणि तो पुरा असतो.

नामांतराची चर्चा संकेतस्थळावर सर्वांना खुली होती. मेधाताईंनी ती उघडली. शेवटी एका अनोळखी सभासदाने नम्रपणे विचारलं होतं: जुनं नाव नक्की कोणत्या दिवशी सोडणार?