वरची खोली दोघांसाठी

आमची मुलगी नोकरीसाठी हाम्बुर्गला गेली आणि वरच्या मजल्यावरची खोली रिकामी झाली. ओळखीच्या सगळ्यांनी एकच सल्ला दिला, भाड्याने द्या. आम्ही राहतो ते गाव वाल्डॉर्फपासून बसने थोडं पुढे आहे, आणि पुण्याहून येणारी सॉफ्टवेअरची मुलं तिथे खोल्यांच्या मागे हात धुऊन लागलेली असतात. आम्ही खोली भाड्याने दिली नाही. एका आईला आणि तिच्या तान्ह्या बाळाला दिली.

इथे युगेंडआम्ट म्हणजे मुलांच्या हिताचं सरकारी खातं. एखाद्या आईला बाळ सांभाळता येईल का, अशी शंका आली की ते खातं दर वेळी बाळ उचलून नेत नाही. कधीकधी आई आणि बाळ दोघांनाही मिळून एखाद्या कुटुंबात ठेवतात. आईने आईपण करायचं, कुटुंबाने शेजारी उभं राहायचं. नवऱ्याने हे वर्तमानपत्रात वाचलं आणि पान माझ्यापुढे सरकवलं. तो जर्मन आहे, शाळेत मुलांना सुतारकाम शिकवतो, आणि फार बोलत नाही. एवढंच म्हणाला, "हे तुला जमेल."

माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको वाल्डॉर्फलाच असतात. त्यांना सांगितलं तेव्हा भावजयीने हातातला चहा खाली ठेवला.

"ताई, अहो, कुठली कोण बाई. तिचं घराणं माहीत नाही, त्या बाळाचा बाप माहीत नाही. आणि तुमच्या बाथरूममध्ये, तुमच्या स्वयंपाकघरात?"

"माझ्याच," मी म्हटलं. "तुमच्या नाही."

यापेक्षा गोड बोलता आलं असतं. बोलायचं नव्हतं.

आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. गावातल्या चर्चच्या मागच्या खोलीत शनिवारी आम्ही जमायचो, पाचसहा कुटुंबं. शिकवायला एक ठेंगणी, कोरड्या आवाजाची बाई होती. मला वाटलं होतं बाळाचं खाणं, लसी, झोप असलं काही शिकवतील. तिने पहिल्याच दिवशी टेबलावर एक बाहुली आणि डायपर ठेवलं आणि मला उठवलं. "तुम्ही आई. हिला डायपर घाला." मग एका निवृत्त शिक्षिकेला माझ्या शेजारी उभं केलं. "आणि तुम्ही मदत करा."

शिक्षिकाबाई मनापासून मदत करायला लागल्या. असं नाही, मान धरा. आधी उजवा पाय. जरा सैल. आता घट्ट झालं. मी एक मूल वाढवलेली बाई, आणि माझ्याच्याने बाहुलीला डायपर घालवेना. चिकटपट्टी दोनदा उलटी लागली. शेवटी मी डायपर टेबलावर टाकून दिलं.

"गेनाऊ," शिकवणारी बाई म्हणाली. म्हणजे, अगदी हेच. "आता सांगा, काय झालं?"

सगळ्यांदेखत मी सांगितलं. माझी मुलगी झाली तेव्हा मी या देशात नवी होते. घरी येणारी सुईण रोज येऊन माझ्या हातातून बाळ काढून घ्यायची. तेल लावू नका. असं गुंडाळू नका. मांडीवर आडवं घेऊन आंघोळ घालतात का कुणी? माझं जर्मन तेव्हा तुटकं होतं, त्यामुळे ती मोठ्याने आणि सावकाश बोलायची, जसं काही मी ठार बहिरी आहे. तिच्यासमोर मी मान डोलवायचे आणि ती गेली की दार लावून मुलीला तेल लावायचे. रोज. तीळभरही मागे हटले नाही. पण ते दार लावावं लागत होतं, हे मला आजही खुपतं.

शिकवणाऱ्या बाईने मी टाकलेलं डायपर उचलून माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, "तुमच्या घरी येणाऱ्या आईला दार लावावं लागू नये. एवढंच काम आहे. बाकी सगळं याच्याच खाली येतं."

मग तिने प्रत्येकाला स्वतःच्या हातांवर बसायला लावलं, आणि समोर दुसऱ्या कुणालातरी बाहुली न्हाऊ घालायला सांगितलं. बाळाला धोका असेल तरच हात बाहेर काढायचा. चूक होत असेल तर नाही. धोका आणि चूक यातला फरक शिकायला आम्हाला बरेच शनिवार लागले.

ती आली ती बावीस वर्षांची, उंच, भुवया जुळलेली. बाळ इतकं लहान की अजून नजर ठरत नव्हती. लहानपण तिचं संस्थांमध्ये गेलेलं. शिकण्यात अडचण आहे असं तिच्याबद्दल सांगितलं होतं. वाचताना अक्षरं तिला लागत नाहीत, आकडे मनात राहत नाहीत. दिव्यांगांसाठीच्या एका कार्यशाळेत ती स्क्रू पाकिटांत भरायची. बाळाचा बाप कुठेच नव्हता आणि त्याबद्दल तिला बोलायचं नव्हतं.

दारातच ती म्हणाली, "मुलगा माझा आहे."

"हो," मी म्हटलं. "खोली वर आहे. दोघांची."

पहिले काही आठवडे ती मला जवळ येऊ देत नव्हती. मी स्वयंपाकघरात आले की ती बाहेर. बाळ रडलं आणि मी जिन्याकडे पाहिलं तरी तिच्या भुवया आवळायच्या. दुधाचं तिला कठीण जायचं. पावडरचे चमचे मोजता मोजता आकडा निसटायचा. शनिवारचे वर्ग अजून सुरू होते, तिथे मी हे सांगितलं तेव्हा शिकवणाऱ्या बाईने मला उलट विचारलं, "आकडा न मोजता कसं करता येईल?" घरी नवऱ्याने लाकडाची एक पट्टी कापली, तिला खळगे पाडले. जितके चमचे, तितके खळगे. प्रत्येक चमच्याला एक राजम्याचा दाणा खळग्यात. पट्टी भरली की थांबायचं. तिने ती पट्टी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाली, "हे मी आधी का नाही केलं?" आम्ही तिच्यासाठी केलं असं ती म्हणाली नाही, ते मला आवडलं.

भाऊ मला ताई म्हणतो हे तिने ऐकलं आणि तेच माझं नाव असं धरून चालली. मी दुरुस्त केलं नाही.

एकदा तिने विचारलं, "ताई, इथल्या बायका बाळाला मसाज करतात, तुमच्याकडे कसं करतात?" मी तेल कोमट केलं आणि जुन्या उशीवर करून दाखवलं, बाळाला हात लावला नाही. तिने दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा स्वतः केलं, पायापासून वर, हलक्या हाताने, आणि बाळ तिच्याकडे बघत पडून राहिलं. दार उघडं होतं.

पुढे युगेंडआम्टच्या कार्यालयातून एक बाई तिला बघायला आल्या. त्या तिच्या मूळ जिल्ह्यातल्या, त्या कामावर नुकत्याच रुजू झालेल्या. वाईट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. आधीच्या एका घरात बाळाला इजा झालेली त्यांनी बघितली होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. स्वयंपाकघरात ती दूध करत होती आणि बाई विचारत होत्या. रात्री किती वेळा उठतं? डॉक्टरांची वेळ कधीची? तू कार्यशाळेत परत जाणार आहेस का? ती उत्तर द्यायला वळली, दाणा टाकायचा राहिला. तिच्या लक्षात आलं. बाटली ओतून दिली, पुन्हा सुरू केलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा ओतलं. बाळ किंचाळायला लागलं. बाईंनी पेन उघडलं.

थोड्याच दिवसांत कार्यालयात बैठक झाली. ती, मी, माझा नवरा, त्या बाई आणि आमची शिकवणारी बाई. प्रशिक्षण संपलं तरी ती अशा बैठकांना आमच्या बाजूने बसायची. कार्यालयातल्या बाईंनी सौम्य आवाजात सांगितलं, साधी बाटली हिला जमत नाही, पुढे मूल चालायला लागेल, ताप येईल, तेव्हा काय? मग माझ्याकडे वळल्या.

"बाळाला तुमची सवय झालीय. घर चांगलं आहे. आईने वेगळीकडे राहावं आणि बाळ तुमच्याकडेच ठेवावं, असं आम्हाला सुचवायचंय. तुमची तयारी आहे का?"

त्या बाळाचा वास मला झोपेतही ओळखू आला असता. हो म्हटलं असतं तर कुणीही मला नावं ठेवली नसती. उलट कौतुक झालं असतं.

"नाही," मी म्हटलं.

"तुम्ही विचार करून..."

"विचार झाला. आम्ही घर दोघांसाठी उघडलंय. एकाला ठेवून एकीला घालवायला नाही."

"तुम्ही नाही म्हणालात तर दुसरं कुटुंब शोधावं लागेल. तुम्हाला हे माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

शिकवणारी बाई मध्ये बोलली, "त्यांनी काय बघितलंय ते विचारा." मग मी सांगितलं. रोज ती एकटी दूध करते, कुणी बोलत नसताना, आणि ते बरोबर असतं. डॉक्टरांनी घेतलेलं वजन वाढतंय. त्या दिवशी तिची चूक झाली, आणि दोन्ही वेळा तिने ती स्वतः ओळखली, आणि चुकीचं दूध बाळाला दिलं नाही. "तुम्ही बाटली ओतलेली बघितली," मी म्हटलं, "आणि ती जमत नाही म्हणून मांडली. मी तीच बाटली भरवशाची म्हणून मांडते."

मग ती बोलली. खाली बघत नव्हती.

"मला दोनदा सांगावं लागतं. तिसऱ्यांदा लागत नाही. तुम्ही पुन्हा या. पण मी दूध करताना बोलू नका."

कार्यालयातल्या बाईंनी पेन मिटलं. म्हणाल्या, "पुन्हा येऊन बघते."

परतताना ती आणि बाळ मागच्या सीटवर झोपून गेले. नवऱ्याने हळूच विचारलं, "आणि खरंच नेलं असतं तर?"

"तर नेलं असतं. माझ्या मदतीने नाही."

घरी गाडी उभी केल्यावर तो म्हणाला, "मी हो म्हटलं असतं. बरं झालं तुला विचारलं." त्याच्या या बोलण्याचा मला त्या दिवशी राग आला. नंतर कळलं, त्यालाही त्या बाळाचा लळा लागला होता, आणि तो सांगायला त्याला दुसरी वाट सापडली नव्हती.

बाई पुन्हा आल्या, एकदा नाही, बऱ्याचदा. कधी चांगलं गेलं, कधी नाही. एकदा बाळाला ताप आला तेव्हा ती घाबरून खोलीच्या मध्यभागी नुसती उभी राहिली, आणि मला सांगावं लागलं, डॉक्टरांना फोन कर. तिने केला. तेही बैठकीत मांडलं गेलं, आणि मी ते लपवलं नाही. दोघांची आमच्याकडे राहायची मुदत वाढत गेली. मुलगा रांगायला लागला, मग चालायला.

भावजय या सगळ्या काळात आमच्याकडे जेवायला आली नाही. सणाला फराळ पाठवायची, भावाच्या हाती. मी डबा रिकामा परत पाठवत नव्हते, पण जाऊन समजूतही काढली नाही. अजून काढलेली नाही.

आता ती मुलाला घेऊन जवळच्या वीसलोख गावात दोन खोल्यांच्या घरात राहते. आठवड्यातून काही वेळा एक मदतनीस येते. मुलगा बालवाडीत जातो आणि तिथल्या बाईंशी तिचं सारखं वाजतं. तो भाजी खात नाही असं त्यांनी लिहून पाठवलं, तर हिने जाऊन विचारलं, "तुम्ही शिजवता कशी?"

गेल्या महिन्यात मी तिला फोन करून म्हटलं, रविवारी आम्ही येतो, त्याच्यासाठी काहीतरी करून आणते.

"या रविवारी नको, ताई. आम्ही पोहायला जाणार आहोत. पुढच्या रविवारी या, पण जेवण मी करणार."

नवरा आशेने माझ्याकडे बघत होता. मी फोन ठेवला आणि त्याला सांगितलं, या रविवारी आपल्याला बोलावलेलं नाही, पुढच्या आहे. त्या रविवारी आम्ही दोघांनी थालीपिठं केली आणि गरम गरम खाल्ली. शिकवणाऱ्या बाईचा निरोप येऊन पडला होता, वरची खोली रिकामी आहे का म्हणून. जेवण झाल्यावर मी तिला कळवलं, आहे.